भोयर मॅडमचा दर

भोयर मॅडमकडे गेलं की बसायच्या आधी दर कळायचा. जिना चढून माणूस दारात उभा राहिला की त्या चष्म्यावरून आधी त्याच्या हाताकडे बघायच्या, चेहऱ्याकडे नंतर. हातात फाइल असली तर एक दर, पिशवी असली तर दुसरा.

"लावून आणलं का भरून आणलं?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा भरून नेलं होतं. शेलूबाजारला हायवेच्या कडेला माझं पाइप, नोझल आणि ठिबकच्या सामानाचं दुकान. घरची चार एकर भाजीची बागायत भाऊ बघतो, दुकान मी. दुकानाची सगळी बिलं मी खताच्या रिकाम्या थैलीत कोंबून मंगरूळला नेली होती. मॅडमनी थैलीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "दुकानाचं वर्षाचं रिटर्न अडीच हजार. जीएसटीचे महिन्याचे पाचशे. थैलीत आणलं म्हणून यावर्षी रिटर्नचे पाच हजार. पुढच्या वर्षी लावून आणा, अडीच द्या. पटत असन तर बसा."

मी बसलो नाही. म्हणालो, "ताई, आमच्या गावात मोबाइलच्या दुकानात एक जण महिन्याचं दोनशेत भरते."

"मंग त्याच्याकडं कायले नाई गेले?"

खरं सांगायचं तर तिकडूनच आलो होतो. त्याने भरलेलं काहीतरी अडकलं होतं आणि पोर्टल पुढे सरकू देत नव्हतं. मी ते सांगितलं. मॅडमनी शंभर रुपये मागितले. "हे पाह्यचे पैसे. आधी पाह्यते, मंग काम घ्याचं का नाई ते सांगते." मी शंभर दिले. त्यांनी संगणकावर माझं खातं उघडलं, ओटीपी माझ्या फोनवर आला, तो मी वाचून दाखवला आणि पुढचा कितीतरी वेळ त्या आकडे पुटपुटत राहिल्या. आकडे पुटपुटायची त्यांना सवय होती. बाकावर बसलेल्या दुसऱ्याच्या कानावर आपली कमाई पडू नये म्हणून लोक अवघडायचे. मग त्या आवाज इतका खाली आणायच्या की नुसती गुणगुण ऐकू यायची, देवपूजेसारखी.

शेवटी त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "तुमी अकोल्याच्या कंपनीकडून माल घेतला, त्याच्यावर जीएसटी देल्ला. तो तुमाले वजा भेटते. त्या भाऊनं तो कवाच वजा घेतला नाई. तुमी वर्षभर पुरा कर भरून राह्यले. दोनशेत भरत होता म्हणून तुमाले एवढ्याले पडलं." आणि कागदावर एक आकडा लिहून त्यांनी तो माझ्यासमोर सरकवला. तो बघून मी बसलो.

त्यातलं जेवढं परत मिळण्यासारखं होतं तेवढं त्यांनी मिळवून दिलं. काही गेलं ते गेलं. पाच हजार मात्र त्यांनी पुरे घेतले. एक रुपया कमी केला नाही.

रेखा भोयर त्यांचं पूर्ण नाव. वय पन्नाशीच्या आसपास, लग्न केलेलं नव्हतं. त्या सीए नव्हत्या, कर सल्लागार होत्या, आणि हा फरक त्या प्रत्येक नव्या माणसाला आपणहून सांगायच्या. "ऑडिट लागलं तर वाशीमले पाठवीन. तिथं सीए साहेब हायेत, त्यांचा दर अलग हाये." बस स्टँडच्या मागे भांड्याच्या दुकानावर एका खोलीत त्यांचं ऑफिस होतं. एक टेबल, एक बाक, एक माठ, आणि कापडाने झाकलेला प्रिंटर. काळा चहा त्या स्वतःच करायच्या आणि कुणाला विचारायच्या नाहीत. ज्याला जिना चढवत नाही अशा म्हाताऱ्या माणसासाठी खाली यायच्या आणि भांड्यांच्या दुकानात, पातेल्यांच्या उतरंडीशेजारी उभ्या राहून त्याचे कागद बघायच्या. खाली आल्याचा दर वेगळा नव्हता.

घासाघीस त्यांच्याकडे चालायची नाही. आमच्याकडे साडीचा दर होतो, बैलाचा होतो, डॉक्टरला सुद्धा लोक "थोडं कमी करा ना" म्हणतात. मॅडमना तसं म्हटलं की त्या रागवायच्या नाहीत, नुसतं पुढच्या माणसाकडे बघायच्या. एकदा मी घरची वांगी घेऊन गेलो. मोठी थैली भरून, काटेरी, त्याच दिवशी तोडलेली. मनात हेच, की मॅडम खूश होतील, फीचं बघतील. त्यांनी थैली उघडली, एक वांगं हातात घेऊन फिरवलं. त्यांचं स्वतःचं घर भाजीवाल्यांचं, माल बघताच कळायचा.

"किती किलो हाये?"

"असन पाच एक. पैसे नाई घेत मी त्याचे, घरचे हायेत."

"आज मंडीत काय भाव होता?"

मी सांगितला. त्यांनी पर्स काढली, पाच किलोचे पैसे मोजून माझ्या हातात ठेवले आणि म्हणाल्या, "आता महिन्याचे पाचशे द्या." मी दिले. ती वांगी त्यांनी संध्याकाळी भांड्याच्या दुकानदाराला आणि शेजारच्या शिंप्याला वाटून टाकल्याचं नंतर कळलं.

त्यांची एक अट सगळ्यांना जड जायची. रिटर्न तयार झालं की त्या ते छापून समोर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "वाचा." नुसतं डोळ्याखालून घालून चालत नसे. मोठ्याने वाचायचं. ज्याला वाचता येत नाही त्याला त्या स्वतः वाचून दाखवायच्या आणि प्रत्येक ओळीला "कळलं का?" विचारायच्या. किराणावाले, ट्रॅक्टरवाले, लॉजवाले, सगळे शाळेतल्या पोरासारखे कागद धरून अडखळत वाचायचे. कुणी म्हणालं, "मॅडम, तुमच्यावर भरोसा हाये, टाका पाठवून," तर उत्तर ठरलेलं होतं. "डोकं माह्यं, सही तुमची. उद्या साहेब इचारन तर तुमाले इचारन."

सुमनबाई राठोडांची गोष्ट मी समोर बसून ऐकलेली आहे. मानोऱ्याजवळच्या तांड्यावरची ही बाई काचा लावलेले घागरे, ओढण्या, बटवे शिवायची आणि यात्रेत पोहरादेवीला दुकान मांडायची. हाताला चांगली कला. तिला चार शिलाई मशिनी घ्यायच्या होत्या आणि तांड्यातल्या पोरींना कामाला लावायचं होतं. कर्ज काढून देणारा एक माणूस तिला भेटला. तो म्हणाला, तीन वर्षांची रिटर्न दाखवा, वर्षाचं उत्पन्न पाच लाख दाखवा, मोठं कर्ज करून देतो. ती ते करून घ्यायला आली होती.

मॅडमनी शंभर रुपये घेतले आणि तासभर तिला प्रश्न विचारले. यात्रेत किती विकलं जाते, कापड कुठून आणता, काचेचा खर्च किती, बाकी वर्ष काय करता. मग पेन खाली ठेवलं.

"तुमचं उत्पन्न दीड लाखाच्या वर नाई. पाच दाखवणार नाई मी."

"दाखवाले काय जाते? कर तर लागत नाई म्हणे पाच लाखाले."

"कर नाई लागत. हप्ता लागते. पाच लाखाच्या कमाईवर जेवढा हप्ता बसन, तो तुमी दीड लाखातून भरसान का?"

मॅडमनी सांगितलं की यावर्षीचं खरं रिटर्न भरू, मागच्या वर्षांच्या भानगडीत पडू नका, बचत गटातून दोन मशिनीपुरतं कर्ज होईल, तेवढंच घ्या. सुमनबाईला ते पटलं नाही. ती उठली आणि हात पुढे केला.

"मंग माहे शंभर द्या वापस. काम तर तुमी केलंच नाई."

"केलं. नाई म्हटलं, तेच काम."

"नाई म्हणाचे शंभर रुपये?"

"हो."

सुमनबाई जिना उतरेपर्यंत बोलत होती. अर्धं मराठीत, अर्धं तांड्याच्या गोरमाटी बोलीत, जे कळत नव्हतं ते सुद्धा कळत होतं. खाली भांड्याच्या दुकानात तिने तेच पुन्हा सांगितलं. पुढे तिने बचत गटातूनच कर्ज घेतलं, दोन मशिनी आणल्या, आणि कर्ज काढून देणारा तो माणूस दुसऱ्या दोघा-तिघांना अडकवून परागंदा झाला. मला वाटलं, आता तरी बाई मॅडमचं नाव काढेल. यात्रेत तिच्या दुकानावर थांबून मी तो विषय काढला. ती म्हणाली, "ते मॅडम? नुसतं नाई म्हणाचे शंभर रुपये घेतले बाप्पा तिनं माह्याकडून." तिचा राग काही गेला नव्हता. मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "घेतलेच होते ना. खोटं कुठं सांगून राह्यली ते?"

मॅडमची आई, गिरजामाय, बाजाराच्या दिवशी मंगरूळला यायची. गाव जवळच, आठ-नऊ किलोमीटरवर. सत्तरी ओलांडलेली, काटक, डोक्यावर टोपली. पालक, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर विकायची आणि दुपारी रिकामी टोपली घेऊन तो उभा जिना चढून मुलीच्या ऑफिसात भाकर खायला यायची. याच पालक-मेथीवर तिने रेखाला अकोल्याला ठेवून बी.कॉम. केलं होतं आणि धाकट्या दिलीपला बी.एड. दिलीप मानोरा तालुक्यातल्या एका शाळेवर शिक्षक होता. आई त्याच्याजवळ गावातल्या घरी राहायची. माय-लेकी बाकावर बसून जेवायच्या तेव्हा ऑफिस बंद नसायचं. आम्ही कागद घेऊन उभे असायचो आणि गिरजामाय आम्हालाच विचारायची, "जेवले का रे बावा?"

दिलीप सरांकडूनही मॅडम फी घ्यायच्या. पगारदार माणसाचे सातशे. त्याच दराने त्याचे. आणि त्याच्या शाळेतले झाडून सगळे शिक्षक मॅडमकडेच यायचे, कारण दिलीप सरच त्यांना घेऊन यायचे. त्या हंगामात बाकावर जागा मिळायची नाही.

मग वाशीमकडे एक रिफंडवाला निघाला. लोक त्याला याच नावाने ओळखत. तो आधी काहीच फी घेत नसे. तुमचा कापलेला कर परत आणून देतो म्हणायचा आणि आलेल्या पैशातला हिस्सा घ्यायचा. पहिल्या वर्षी कुणाला तीस हजार आले, कुणाला पन्नास. शाळा-शाळांतून ही बातमी फिरली. त्या वर्षी दिलीप सर मॅडमकडे आले ते रिटर्न भरायला नव्हे, सांगायला. मी माझ्या महिन्याच्या कामासाठी बाकावर होतो.

"ताई, समदा स्टाफ तिकडं जाऊन राह्यला. तू बी पाहून घे ना, तो कसं करते ते."

"काय वजा दाखवते तो?"

"मले काय माहीत? रिफंड येते ना."

"तुह्या पगारात वजा दाखवाले काय हाये ते मले माहीत हाये. पीएफ हाये, विमा हाये. ते मी दाखवलं. अजून कुठून आणते तो?"

दिलीप सर हसले. मग जरा आवाज चढवून म्हणाले, "तू सख्ख्या भावाकडून सातशे घेते. तो परका माणूस आधी एक पैसा मागत नाई."

"तो पैसे कायचे घेते, ते इचार त्याले एकदा."

"तुह्या हातून कवाच रिफंड आला नाई, हे बी खरं हाये," असं म्हणून सर निघून गेले. जाताना चप्पल घालायला वाकले तेव्हा त्यांनी बहिणीकडे बघितलं नाही.

शाळेचा सगळा स्टाफ गेला. दुसऱ्या दोन शाळा गेल्या, मग पंचायत समितीतले लोक. बाक रिकामा पडू लागला. मॅडमचं किती नुकसान झालं असेल याचा हिशेब मी मनात केला होता, त्यांच्यापाशी बोललो नाही. त्या रिफंडवाल्याबद्दल वाईट बोलल्या नाहीत. एवढंच झालं की दुपारचा चहा त्या जरा जास्त वेळ पिऊ लागल्या, आणि एकदा मी गेलो तर स्टुलावर उभ्या राहून भिंतीला स्वतःच चुना लावत होत्या. "माणूस लावला तर सहाशे घेते," म्हणाल्या, "आन सध्या वेळ हाये."

दोन वर्षं असंच चाललं. मग एका पावसाळ्यात फोनांवर संदेश यायला लागले. तुम्ही दाखवलेल्या वजावटी तपासा, चुकीच्या असतील तर दुरुस्त करा. पाठोपाठ कुणाकुणाला नोटिसा. रिफंडवाल्याचा फोन लागेना, वाशीमच्या ऑफिसला कुलूप. ज्यांना रिफंड आला होता त्यांतल्या कुणी त्यातून मोटारसायकल घेतली होती, कुणी घराला फरशी बसवली होती.

मास्तर लोक परत आले. एकेकटे नाही, जीप करून आले. जिन्यावर रांग लागली. मॅडमनी कुणाला टोमणा मारला नाही. उभं राहून सगळ्यांना एकदाच सांगितलं, "एका वर्षाचं दुरुस्त कराचे दीड हजार. कर, व्याज आन वरचा वाढीव कर, तो सरकारचा, तो अलग. पाह्यचे शंभर सगळ्यांचे माफ. काय करून ठेवलं असन ते मले बी पाह्यचं हाये."

दिलीप सर त्या दिवशी रांगेत नव्हते. ते पुढच्या बाजाराच्या दिवशी आले, दुपारी, गर्दी कमी झाल्यावर. बरोबर शाळेतले दोन सहकारी होते. मी टेबलाच्या बाजूला बिलं लावत बसलो होतो. मॅडमनी भावाचं रिफंडवाल्याने भरलेलं रिटर्न पोर्टलवरून काढलं, छापलं आणि समोर ठेवलं.

"वाच."

"ताई, वाचाचं काय त्याच्यात."

"समद्यायनं वाचलं. तू बी वाच."

सर वाचू लागले. पगार. पीएफ. विमा. मग एका पक्षाला देणगी, चाळीस हजार.

"कोणत्या पक्षाले देल्ली रे?"

सरांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि नाव वाचलं. ते नाव खोलीतल्या कुणीच ऐकलेलं नव्हतं. एक सहकारी हसला आणि लगेच गप्प झाला, कारण त्याच्या रिटर्नातही तोच पक्ष होता.

"पुढं."

सर थांबले. त्यांनी पुढची ओळ मनात वाचली होती, ते चेहऱ्यावर दिसलं. मॅडमनी कागद हातातून घेतला नाही. थांबून राहिल्या.

"अवलंबित अपंग व्यक्तीचा सांभाळ," सर वाचू लागले. "नातं, आई. अपंगत्व गंभीर, ऐंशी टक्के..."

मॅडम भावाकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा मी इतक्या वर्षांत तसा पाहिला नव्हता. "मायले अपंग करून टाकलं तू," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "सवा लाखाच्या वजावटीसाठी."

"मले माहीत नोतं ताई. मायची शपथ."

"तिची शपथ नको घेऊ आता."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. गिरजामाय टोपली काखेला लावून वर आली. भर उन्हातून आलेली, पदराने तोंड पुसत. मुलगा दिसला म्हणून खूश झाली. "दिल्या? तू कवा आला?" मग सगळे गप्प आहेत हे तिला जाणवलं. "काय झालं वो?"

"काई नाई माय, बस," मॅडम म्हणाल्या.

पण दिलीप सरांनीच सांगितलं. तो माणूस वाईट नव्हता, हे मला तेव्हा कळलं. कागद हातात धरून त्यांनी आईला सरळ सांगितलं की माय, मी सरकारला लिहून देल्लं की तू अपंग हायेस, तुले चालता येत नाई, आन त्याचे पैसे घेतले.

गिरजामायने विचार केला. टोपली खाली ठेवली, माठातलं पाणी घेतलं, पिऊन झाल्यावर म्हणाली, "मंग मले पेन्शन भेटन का?"

दोन्ही मास्तर हसले, मीही हसलो. मॅडम सुद्धा चष्मा काढून हसल्या. दिलीप सर तेवढे हसले नाहीत.

हसणं थांबल्यावर त्यांनी विचारलं, "किती होतीन?"

"दोन वर्षाचे तीन हजार."

"माह्याकडून बी?"

"तुह्याकडून बी."

त्यांनी फोनवरून पैसे पाठवले. कर, व्याज, वाढीव कर मिळून त्यांना जे भरावं लागलं त्यासाठी पतसंस्थेतून कर्ज काढावं लागलं, असं पुढे कळलं. त्या वर्षी भाऊबीजेला ते आले नाहीत. मॅडमनी ते मला आपणहून सांगितलं, जीएसटीचं बोलता बोलता, आणि लगेच पुढचा आकडा विचारला.

दीडेक वर्षाने गिरजामाय पालकाच्या वाफ्यात पडली. लकवा. उजवा हात-पाय गेला, बोलणं जड झालं. दिलीप सरांनी तिला उचलून गाडीत घातलं, अकोल्याला नेलं, बहिणीला रस्त्यातूनच फोन केला. त्यानंतर महिनाभर मॅडमचं ऑफिस जेमतेम उघडं असायचं. दवाखान्यातले दिवस बहीण-भावांनी पाळ्या लावून काढले. आई घरी आली ती खाटेवर. ती पुन्हा उठणार नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं.

त्या वर्षी रिटर्नच्या दिवसांत दिलीप सर आले ते फाइल घेऊन. कागद ओळीने लावलेले. बसायच्या आधी त्यांनी सातशे रुपये टेबलावर ठेवले. मॅडमनी ते ड्रॉवरमध्ये टाकले आणि फाइल चाळली. शेवटच्या पानापर्यंत गेल्या आणि परत पहिल्यावर आल्या.

"मायचं सर्टिफिकेट कुठं हाये?"

जिल्हा रुग्णालयाने अपंगत्वाचा दाखला दिला होता, ते मला ठाऊक होतं. गिरजामायला तिथे नेलं तेव्हा गाडी माझीच होती.

"राहू दे ताई."

"काहून?"

"पुन्हा तेच लिहाचं?" सर म्हणाले. "मले नाई लिहाचं. जो कर पडन तो भरतो."

"तवा खोटं होतं. आता खरं हाये." मॅडमनी फाइल बंद केली. "औषधाले पैसा लागते. बाई ठेवाले लागते. हे हक्काचं हाये, सोडाचं नाई. नवी आन जुनी, दोन्ही करपद्धतीनं मी आधीच करून पाह्यलं, तुले जुनीनं परवडते, ही वजावट तिच्यातच भेटते. घरून फोटो मागव सर्टिफिकेटचा."

कागदाचा नुसता फोटो त्या कुणाकडूनच घेत नसत. "कागद आणा" म्हणायच्या. त्या दिवशी घेतला. घरून फोटो आला. त्यांनी दाखल्याचा नंबर घातला, छापलं आणि समोर ठेवलं. या वेळी "वाच" म्हणाल्या नाहीत. सरांनी आपणहून कागद उचलला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. पगार, पीएफ, विमा. त्या ओळीवर आले. "नातं, आई," इथपर्यंत वाचून थांबले. कागद हातात तसाच. मॅडम खुर्चीतून उठून त्यांच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या आणि पुढची ओळ त्यांनी वाचली, टक्क्यासकट. मग दोघांनी मिळून खालपर्यंत वाचलं. मी बिलांत डोकं घालून बसलो होतो. दोघांपैकी कोण कुठली ओळ वाचत होतं, ते शेवटी शेवटी कळेनासं झालं.

त्याच दिवाळीनंतर मॅडमनी ऑफिस बंद करायचं ठरवलं. खाटेवरच्या आईला दिवसभर माणूस हवं होतं, दिलीप सरांची शाळा, ठेवलेली बाई टिकत नव्हती. आम्ही काहीजणांनी म्हटलं, गावातून करा, फोनवरून करा. त्या म्हणाल्या, "अर्धं काम पुऱ्या पैशात करणार नाई, आन अर्ध्या पैशात कराची सवय नाई." एकेका गिऱ्हाइकाला बोलावून त्यांनी फाइल परत केली. समोर बसवून पोर्टलचा पासवर्ड बदलायला लावला, आणि तो टाकताना स्वतः खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. कुणाकडे जायचं तेही सांगितलं. मला वाशीमच्या एका तरुण सीएचं नाव दिलं. "त्याचा दर माह्याहून जास्त हाये. काम चोख हाये. कमी करा म्हणू नका, कमी केलं तर त्याच्याकडं जाऊ नका."

मी त्याच्याकडे जातो. साडेचार हजार घेतो तो. कागद लावून नेतो म्हणून तो मला शहाणा समजतो.

मॅडमना मी शेवटचं पाहिलं ते बस स्टँडच्या मागेच. मी हायवेवरून येत होतो, त्यांच्या ऑफिसखाली ऑटो उभा दिसला. भांड्याचा दुकानदार आणि शिंपी मिळून वरून त्यांची पाटी उतरवत होते. निळी, लोखंडी, भली लांब. 'रेखा भोयर, बी.कॉम., कर सल्लागार' एवढीच अक्षरं, पण रस्त्याच्या पलीकडून वाचता यावीत अशी मोठी. टेबल आणि प्रिंटर आधीच गेले होते. ऑटोवाला म्हणत होता, पाटी मावत नाही, भंगारात द्या, लोखंडाला चांगला भाव आहे. मॅडम काही न बोलता मागच्या सीटवर बसल्या आणि पाटी मांडीवर आडवी घेतली. दोन्ही बाजूंनी ती हातहातभर बाहेर आली.

मी पुढे झालो. म्हटलं, "ताई, माह्या गाडीत टाकतो, घरी पोचवून देतो."

"डिझेलचे किती घेसान?"

"तुमच्याकडून घेऊ का मी?"

"मंग नाई," म्हणाल्या आणि ऑटोवाल्याला चल म्हटलं.

बाजाराचा दिवस होता, गल्लीत माणसंच माणसं. ऑटो बैलगाडीच्या चालीने निघाला. मॅडम पाटी दोन्ही हातांनी धरून, ताठ बसून, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे बघत लोकांना सांगत होत्या, "बाजूले व्हा, लागन. बाजूले व्हा हो, लागन." आणि लोक भाजीच्या थैल्या छातीशी धरून भिंतीला लागत होते, त्यांना वाट देत होते.